धांदलेंचा गंभीर सिनेमा

धांदले हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते एका सिनेमातल्या हॉटेल मॅनेजरचं आडनाव, आणि मूळ सिनेमात तेही नव्हतं. सिनेमा परदेशी होता. त्यातला लांब नाकाचा मॅनेजर सदा घाईत, सदा भलत्याच खोलीत शिरणारा. त्याचं मूळ नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून डबिंग करताना त्याला धांदले म्हटलं. सिनेमा तुफान चालला. पडद्यावरचा नट घराघरांत पोचला आणि त्याला आपल्या भाषेत बोलतं करणारे गृहस्थ गल्लीत धांदले झाले. पुढे त्या नटाचे जेवढे विनोदी सिनेमे आले, तेवढ्यांना आवाज यांचाच. नट यांना कधी भेटला नाही. असा कुणी माणूस जगात आहे हे त्याला ठाऊक असण्याचंही कारण नव्हतं.

प्रत्यक्षात धांदले दिसायला अगदी कोरडे. उंच, खांद्यातून जरा वाकलेले, शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर. घरी बोलणं कामापुरतं. त्यांची बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "जगाला हसवून येतात आणि घरी सूचनाफलकासारखे बोलतात. 'पंखा बंद करावा.' 'दार लोटून घ्यावं.'"

बाहेर मात्र त्यांना सुटका नसे. औषधाच्या दुकानात गेले की दुकानदार गोळ्यांचं पाकीट हातात धरून ठेवायचा.

"आधी ते म्हणा."

"अहो, डोकं दुखतंय म्हणून तर आलोय."

"म्हणा हो. एकदाच."

'ते' म्हणजे मॅनेजरचं वाक्य. भलत्या खोलीत पकडला गेला की तो म्हणायचा, "मी निघालोच होतो!" धांदले चिडक्या, नाकातल्या, वर चढत जाणाऱ्या आवाजात ते म्हणत. दुकानदार काउंटरवर थाप मारून हसे आणि मग गोळ्या मिळत.

या वाक्याचा धांदलेंना फार अभिमान होता, कारण ते त्यांचं स्वतःचं होतं. डबिंगमध्ये नटाच्या ओठांशी बोलणं जुळवावं लागतं. ओठ मिटले की आपणही थांबायचं. पण नटाने पाठ फिरवली की ओठ दिसत नाहीत आणि तेवढा वेळ मोकळं रान असतं. काचेपलीकडे बसणारा रेकॉर्डिस्ट धांदलेंचा जुना दोस्त. पडद्यावर नटाची पाठ आली रे आली की तो काचेतून अंगठा वर करायचा आणि धांदले काहीतरी टाकून द्यायचे. एखादा उसासा, एखादी शिवी, एखादं वाक्य. "पाठ दिसली की पदरचं घालायचं," हा दोघांचा नियम. लोक ज्यावर सगळ्यात जास्त हसत, त्यातलं अर्धं असं पदरचंच होतं.

आणि मग त्या नटाला गंभीर व्हायची हुक्की आली.

बातमी बायकोने वाचून दाखवली. नट शाळेच्या बसचा ड्रायव्हर झाला होता. बसला अपघात होतो, काही मुलं जातात. ड्रायव्हरचा दोष नाही असं कोर्ट ठरवतं आणि त्याला सोडून देतं. सुटलेला ड्रायव्हर मग एकेका मुलाच्या घरी जातो. एवढाच सिनेमा. परदेशात लोकांनी डोक्यावर घेतला होता.

"गोष्ट चांगली आहे," बायको म्हणाली.

"असेल. पण यानं कशाला करायची? रडणारे नट काय कमी पडलेत?"

"त्यालाही वाटत असेल की काहीतरी वेगळं करावं."

"वेगळं करायचंय तर बागकाम कर म्हणावं. त्याच्या हौसेपायी माझ्या घशाला फास."

फास खराच होता. सिनेमे आणणाऱ्या कंपनीची रीत अशी, की एका नटाला एकच आवाज. या सिनेमासाठी दुसरा कुणी उभा राहिला तर पुढचे सगळे सिनेमे त्याचे. नट परत विनोदाकडे वळला तरी आवाज धांदलेंकडे परत येणार नव्हता. आणि हा आवाज गेला तर धांदलेंकडे उरणार होतं ते एका बँकेच्या फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा' आणि एका इस्पितळाच्या लिफ्टमधलं 'दरवाजा बंद होत आहे'. लिफ्टमध्येही लोक फिदीफिदी हसत. हातात रिपोर्ट घेऊन वर निघालेली माणसंसुद्धा.

डबिंग बघणाऱ्या बाई रेडिओवरच्या नाटकांतून आलेल्या होत्या. आवाज बारीक, नजर तिखट. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, लोकांना हा नट म्हणजे तुम्हीच वाटता. म्हणून आधी तुम्हाला उभं करतेय. पण जमलं नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मागाहून तोंड वाकडं करायचं नाही."

"बाई, मी या माणसाला त्याच्या आईपेक्षा जास्त ओळखतो," धांदले म्हणाले आणि माइकसमोर उभे राहिले.

स्टुडिओ म्हणजे जाड गालिचे ठोकलेल्या भिंतींची बंद खोली. समोर पडदा, बाजूला संहितेचा स्टँड, त्यावर वाकलेला छोटा दिवा, कोमट पाण्याचा पेला. पहिल्या दृश्यात ड्रायव्हर एका घराची घंटा वाजवतो आणि दार उघडणाऱ्या बापाला म्हणतो, "मी बस चालवत होतो." चार शब्द. धांदलेंनी छाती भरून घेतली, आवाज पार पोटात नेला आणि चारही शब्द विहिरीत दगड टाकावेत तसे एकेक करून टाकले.

बाईंनी हेडफोन काढला. "काका, शोकसभेत बोलताय का?"

दुसऱ्या वेळी त्यांनी आवाज जरा वर आणला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टला हसू फुटलं.

"तू कशाला दात काढतोस?" धांदले ओरडले.

"मी काय करू लेका? हा आता म्हणणार 'चुकीच्या घरात आलो' असं वाटलं."

खाली गेलं की शोकसभा, वर आलं की हॉटेल. मधलं काही सापडेना. दुपार गेली. बाईंनी शेवटी काम थांबवलं आणि रेकॉर्डिस्टला जुना हॉटेलवाला सिनेमा लावायला सांगितला. आपल्या भाषेतला नाही, मूळ.

"बघायचं नाही. डोळे मिटून नुसतं ऐकायचं," त्या म्हणाल्या.

काम करताना मूळ आवाज एका कानात बारीक चालू असतो, आणि सगळं लक्ष ओठांकडे. तो आवाज धांदलेंनी असा स्वतंत्र, मोकळा कधी ऐकलाच नव्हता. आता ऐकला. मॅनेजर भलत्या खोलीत शिरत होता, पकडला जात होता, सारवासारव करत होता, आणि आवाज शांत होता. नाकातला नाही, चिडका नाही. एखादा सभ्य माणूस तिकिटाच्या खिडकीवर बोलेल तसा साधा. त्याला स्वतःचं काही गमतीचं वाटतच नव्हतं.

"आणि हा बसचा ड्रायव्हर ऐका."

तोच आवाज. तसाच.

"त्यानं काहीच बदललेलं नाही काका. तो तेव्हाही असाच बोलत होता. गमतीचा आवाज तुम्ही दिलात."

"म्हणजे इतकी वर्षं मी चूक करत होतो?"

"मी चूक म्हटलं नाही. आपल्याकडे सिनेमा तुमच्यामुळेच चालला. पण आता तेच आडवं येतंय."

धांदलेंना यापेक्षा चूक म्हटलेलं परवडलं असतं. चुकीवर भांडता आलं असतं. ते घरी आले, चपला नेहमीच्या जागी न ठेवता दारातच सोडल्या आणि बायकोला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, "त्याला विनोदी मी केला. आणि आता त्याला गंभीर व्हायचंय तर मीच नको."

बायको कणीक मळता मळता म्हणाली, "मग घरी बोलता तसं बोला ना."

"कसं?"

"आत्ता बोललात तसं. अजिबात हसू येत नाही."

कल्पना वाईट नव्हती. धांदलेंनी स्वयंपाकघरात उभं राहून म्हटलं, "मी बस चालवत होतो." बायकोचे हात थांबले. "झालं की," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य त्यांनी बसस्टॉपवर पुटपुटलं, स्टुडिओच्या जिन्यात पुटपुटलं, ठीक होतं. माइक दिसला आणि घसा आपोआप वर चढला. त्यांनी माइककडे पाठ केली, खुर्चीवर बसून बघितलं, दिवा घालवून बघितला. बाई प्रत्येक वेळी म्हणत, "पुन्हा." धांदलेंना तो शब्द झोपेत ऐकू येऊ लागला.

पण माणूस चिवट. बरेच दिवस घासाघीस केल्यावर एका सकाळी बाईंनी मान हलवली. "हं. हे चालेल." छान नाही, चालेल. धांदलेंनी तेवढ्यावर समाधान मानलं. एकेक घर, एकेक दृश्य पुढे सरकू लागलं. कधी आवाज निसटे, बाई पकडून परत आणत. शेवटी शेवटी तर त्यांनी एकदा चहाही मागवला.

मग स्वयंपाकघराचं दृश्य आलं. एका मुलाची आई ड्रायव्हरला घरात घेते, पाणी देते आणि एक शब्द न बोलता टेबलापाशी बसून राहते. तो पाणी पितो, उठतो, मोरीपाशी जातो आणि पाठमोरा उभा राहून पेला धूत बसतो. पेला केव्हाच स्वच्छ झालेला असतो. तो धूतच राहतो.

बाई त्या वेळी कंपनीच्या फोनवर बाहेर गेल्या होत्या. पडद्यावर नटाची पाठ आली. रेकॉर्डिस्टचा अंगठा वर गेला, वर्षानुवर्षं जातो तसा, विचार न करता. आणि धांदलेंच्या तोंडून हलकेच, अगदी घरच्या आवाजात, आलं, "निघतोच मी."

दोघांनाही ते आवडलं. परक्या घरात, त्या आईसमोर अवघडलेला माणूस असंच म्हणेल.

"काय टाकलंस रे!" रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पोटात तुटलं."

"जास्त नाही ना झालं?"

"छे. ठेव."

ठेवलं. बाई आत आल्या तेव्हा पुढचं दृश्य लागलं होतं.

चाचणीचा खेळ कंपनीच्या छोट्या सभागृहात झाला. कंपनीची माणसं आणि त्यांच्या घरचे, एवढेच प्रेक्षक. धांदले मागच्या रांगेत बसले, शेजारी रेकॉर्डिस्ट. पहिलं घर आलं. "मी बस चालवत होतो." दोनचार जण हसले, मग एकमेकांकडे बघून गप्प झाले. दुसऱ्या घरी कुणी हसलं नाही. तिसऱ्या घरी कुणीतरी नाक ओढलं. रेकॉर्डिस्टने धांदलेंच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला, पण त्यांच्याही छातीवरचं ओझं उतरत होतं.

मग मोरी आली. नळ वाहत होता. आई टेबलापाशी बसली होती. ड्रायव्हरची पाठ.

"निघतोच मी."

क्षणभर काहीच झालं नाही. मग पुढच्या रांगेतून एका बाईचं हसू फसकन सुटलं आणि पाठोपाठ सगळं सभागृह फुटलं. लोक स्वतःलाच दटावत होते, तोंडावर रुमाल धरत होते, पण एकदा आत शिरलेला हॉटेल मॅनेजर काही बाहेर जाईना. पुढे ड्रायव्हरने बुटाची नाडी बांधली तरी लोक हसले.

बाईंनी त्यांना बाहेरच्या पॅसेजमध्ये गाठलं.

"ते वाक्य कुठून आलं?"

"पाठ होती," धांदले म्हणाले.

"पाठ होती म्हणजे?"

"ओठ दिसत नव्हते. आम्ही टाकतो तिथे काहीतरी. नेहमीच."

"काका, तो तिथे पाठ करून उभा आहे, कारण त्याला बोलायचं नाहीये."

"इतका वेळ? नुसता उभा? लोकांना वाटलं असतं की आवाज गेला."

बाईंनी रेकॉर्डिस्टकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचण्यात गढून गेला होता.

"ते वाक्य काढून टाका," धांदले म्हणाले. "एवढंच ना? काढा की. बाकी चांगलं चाललं होतं."

"माझ्या हातात असतं तर काढलं असतं. आत बसलेल्यांनी ऐकलंय आता."

आत बसलेल्यांनी ऐकलं होतं, आणि आठवड्याभरात ठरलं. आवाज टीव्हीवर बातम्या वाचणाऱ्या एका माणसाला दिला. या सिनेमाचा, म्हणजे पुढच्या सगळ्यांचाच. बाईंनी स्वतः फोन केला. धांदलेंनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर पाऊण तास त्या बातम्यावाल्याची नक्कल करत घरभर फिरले. नक्कल हुबेहूब होती, त्याचाच त्यांना जास्त राग आला.

सिनेमा लागला. धांदले जाणार नव्हते. बायको म्हणाली, "मी जाणारे. तुम्ही घरी बसून भिंतींशी बोला." ते गेले.

रविवारी दुपारचा खेळ, थिएटर निम्मं भरलेलं. बातम्यावाल्याने पहिल्या घराच्या दारात "मी बस चालवत होतो" म्हटलं ते असं, की आता हवामान सांगतो की काय. धांदले खूश झाले. त्यांनी बायकोला कोपराने ढोसलं. तिने हात बाजूला सारला.

स्वयंपाकघर आलं. नळ, पेला, पाठ. कुणी काही बोललं नाही. पडद्यावर फक्त पाण्याचा आवाज. इतकी वर्षं ओठ बघून पोट भरलेल्या धांदलेंनी, ओठ नाहीत म्हणून, प्रथमच त्या नटाची मान बघितली. ती हळूहळू खाली जात होती. कानामागची शीर उठली होती. एकदा मान वर आली, जणू आता वळेल, काही बोलेल, आणि परत खाली गेली. बायकोने तोंडावर हात धरला होता.

माणूस मानेने काम करत होता. धांदलेंच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे हॉटेलातही करत असणार. प्रत्येक सिनेमात करत असणार, पाठ फिरवून, आणि आपण दर वेळी त्यावर बोललो. आपल्या लोकांना ती मान कधी दिसलीच नाही. त्यांचं रेकॉर्डिस्टवर डोकं फिरलं, बाईंवर फिरलं, त्या नटावर तर सगळ्यात जास्त. इतकं येत होतं तर आधी सांगायचं होतं कुणाला तरी.

पुढच्या रांगेत दोन माणसं कुजबुजत होती.

"मजा नाही रे. आवाज बदललाय."

"धांदलेच पाहिजे होता. हा कोण गुळमुळीत?"

"धांदलेनं उडवून दिली असती."

"एकदम! त्या नळापाशी तर असं काही बोलला असता ना—"

हेच ऐकण्यासाठी धांदले इतके दिवस तडफडत होते. आता त्यांची कानशिलं तापली. पडद्यावर नवं घर, नवी आई, दार अर्धवट उघडलेलं. ते पुढे वाकले आणि म्हणाले, "गप्प बसा हो, बघू द्या!"

रागाने आवाज वर चढला. नाकात गेला. धांदलेंना तो स्वतःलाच ऐकू आला, पण तोवर उशीर झाला होता. पुढचे दोघे गर्रकन वळले. मग त्यांच्या बाजूची बाई. "अरे, हा तर—" आणि हसू रांगेरांगेने मागे पुढे पसरत गेलं. कुणी टाळी वाजवली. कुणी म्हणालं, "आणखी एकदा!" पडद्यावरची आई दार लावून घेत होती आणि थिएटर खदखदत होतं.

बायकोने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "बाहेर जा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मला बघायचंय."

धांदले उठले. वाकून, लोकांच्या गुडघ्यांना अडखळत बाहेर आले. तिकीट तपासणाऱ्याने विचारलं, "आवडला नाही?" त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते त्यांनाच कळलं नाही. ते बाहेरच्या पोस्टरखाली बाकावर बसले. पोस्टरवर नट समोरून होता, मोठ्या नाकाचा, काही न बोलणारा.

खेळ सुटला. बायको डोळे पुसत बाहेर आली आणि थेट रस्त्याकडे चालू लागली. धांदले मागून गेले.

"शेवटच्या घरी काय झालं?"

"तुम्हाला कशाला सांगू?"

"अगं, सांग ना. मुलाचा बाप भेटला का त्याला?"

"सगळ्यांचा सिनेमा घालवलात आणि आता गोष्ट पाहिजे?" ती थांबली. "ते काही सांगून कळायचं नाही. बघावं लागतं."

"मी बघतच होतो. ते दोघे बोलत होते."

"ते कुजबुजत होते. ओरडलात तुम्ही."

बायकोने पर्समधून घराची किल्ली काढली. "मी निघते. कपडे वाळत घातलेत. येताना ब्रेड आणा."

ती वळणापलीकडे जाईपर्यंत धांदले तिथेच उभे राहिले. मग परत आले आणि तिकिटाच्या रांगेत लागले. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "किती?" त्यांचं तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं आणि एक बोट वर केलं.

"पुढे की मागे?"

मागे, त्यांनी हाताने दाखवलं.

"तुम्हाला बोलता येत नाही का काका?" मुलीने सहानुभूतीने विचारलं.

धांदलेंनी 'येत नाही' अशी मान हलवली, तिकीट घेतलं आणि आत अगदी मागच्या रांगेत, जिथे आजूबाजूला कुणी नव्हतं, तिथे जाऊन बसले.